ऋतुराजचं जावळ

माणसाचं पोर इतकं घाण असतं, हे एकनाथरावांना अडुसष्टाव्या वर्षी कळलं. त्यांचा मुलगा अद्वैत काही आभाळातून पडला नव्हता, तोही याच माणसाच्या घरात वाढला होता. पण एकनाथरावांनी त्याला वाढवला नव्हता, फक्त पाहिला होता; तोही आंघोळ झालेला, पावडर लावलेला, भांग पाडलेला. त्याच्या अलीकडचा सगळा कारभार त्यांची बायको मालतीबाई मोरीत उरकून मोकळ्या व्हायच्या.

आणि हा गृहस्थ कसा, तर जिल्हा परिषदेत नोकरी केली तेवढी वर्षं पाण्याचा पेला घरून नेलेला. पंगतीत शेजारच्यानं बोटं चाटली तरी यांचा घास अडायचा. हात धुवायला उभे राहिले की नळाला कंटाळा यावा. अशा माणसाच्या ताब्यात देवानं तीन वर्षांचा नातू दिला, म्हणजे देवालाही गंमत करायची हुक्की येतेच की नाही!

वास्तुशांतीनंतर मालतीबाई दुधनीला भावाकडे गेल्या, त्या गेल्याच. अद्वैत चिंचोळीला एमआयडीसीत, सूनबाई ज्ञानदा शाळेवर. राहिले कोण? एकनाथराव आणि ऋतुराज. जुळे सोलापुरातलं नवं कोरं घर, बाहेर ज्येष्ठाचं ऊन, आणि आत हे दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले.

पहिल्याच सकाळी ऋतुराजनं नाकात बोट घातलं, आतला माल बाहेर काढून सोनारासारखा उजेडात धरून पाहिला आणि शांतपणे खाल्ला. एकनाथरावांच्या हातातला चहा तिथंच राहिला. ते ओरडले, तेव्हा पोराला वाटलं आजोबांनाही हवाय. त्यानं दुसऱ्या नाकपुडीतला काढून त्यांच्यापुढे धरला.

मग काय, रोज एक नवा प्रताप. फाटकाचा गज चाटायचा. खुर्चीचा पाय चाटायचा. चावलेला चपातीचा घास तोंडातून काढून आजोबांच्या चपलेत ठेवायचा आणि ते त्यात पाय घालेपर्यंत दम धरून बसायचा. आंघोळीच्या बादलीत मुतायचं आणि त्यातलाच तांब्या भरून तोंडाला लावायचा. एकदा तर शिंक आली ती नेमकी शेंगाचटणीच्या वाटीत, आणि ‘ढवळतो’ म्हणून त्यात त्यानं बोट फिरवलं. त्या दिवशी एकनाथराव कोरडी भाकरी खाऊन उठले.

संध्याकाळी ते हे सगळं सांगायला बसायचे तर मुलगा-सून हसायची. अद्वैत म्हणायचा, बाबा, सगळी पोरं अशीच असतात, मीही असाच असेन. ज्ञानदा म्हणायची, माझ्या वर्गात येऊन बघा एकदा, रात्री झोप लागायची नाही. मालतीबाई असत्या तर त्यांनी निदान कपाळावर हात मारून घेतला असता. पण त्यांचं नाव त्या घरात कुणी एकनाथरावांपुढं काढत नव्हतं.

का काढत नव्हतं, ते सांगायला हवं. आपल्याकडे टॉवेल-टोपीचा आहेर फिरता असतो, हे काही गुपित नाही. याच्याकडून आलेला टॉवेल त्याला, त्याचा तिसऱ्याला. कुणी घडीसुद्धा मोडत नाही. वास्तुशांतीला एकनाथरावांनी स्वतः कपाटातून गठ्ठा काढून मानकऱ्यांना वाटला. सुनेचा भाऊ अभिमन्यू वैरागहून आला होता. त्यानं जेवून उठताना आपला टॉवेल झटकला, आणि कोपऱ्यावर त्याच्याच खताच्या दुकानाचं नाव छापलेलं निघालं. दिवाळीला त्यानंच गिऱ्हाइकांना आणि पाहुण्यांना वाटलेला टॉवेल फिरून त्याच्याच खांद्यावर आला होता. पंगत हसली. अभिमन्यूचं तोंड उतरलं. आणि एकनाथरावांनी, सगळ्यांच्या देखत, हातात आमटीचं भांडं घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे बोट दाखवून म्हटलं, हे हिचं काम, हिला आयुष्यात कपाट लावता आलं नाही.

मालतीबाईंनी पंगत पुरती वाढली. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला दुधनीत चांगलं औषध मिळतं म्हणाल्या आणि पिशवी घेऊन निघाल्या. एकनाथरावांनी कुणाला ओळखू दिलं नाही, पण मनात म्हटलं, ज्यानं जायचं त्यानंच यायचं. त्यांनी एकदाही फोन केला नाही. तिकडून अभिमन्यूचंही येणं बंद झालं.

आणि मामाच नाही, तर जावळ कसं काढायचं? मामाच्या मांडीवर बसवल्याशिवाय पोराच्या डोक्याला वस्तरा लागत नाही. तिसरं सरत आलं तरी ऋतुराजचे केस खांद्यावर. बाळ्याच्या खंडोबाला जाऊन करायचं, हे नुसतं ठरलेलंच. पोर ते केस तोंडात धरून चघळायचं, आणि एकनाथराव ते ओढून काढायचे, हात धुवायचे, पुन्हा ओढून काढायचे.

मग ती सकाळ आली. पोर शीला बसून उठलं आणि वाकून उभं राहिलं. धुवायचं काम आजोबांचंच. एवढ्या दिवसांत तेवढं त्यांना जमायला लागलं होतं, डोळे अर्धे मिटून आणि श्वास धरून. चष्मा बाहेर राहिला होता. हाताला काहीतरी दोऱ्यासारखं लागलं. त्यांनी ओढलं. ते आलं. अजून ओढलं, अजून आलं. पोर म्हणालं, ‘आबा, गुदगुल्या.’ एकनाथरावांच्या बोटांत, पोराच्या पोटातून निघालेला, वीतभर लांब केस लोंबत होता.

घाण त्यांनी बरीच पाहिली होती, पण ही घाण नव्हती. हे भलतंच काहीतरी होतं. त्यांनी तो केस मोरीत सोडला, त्याच्यावर बादली उपडी केली, आणि पोराला तसंच काखेत मारून रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. ऋतुराजच्या अंगात चड्डी नाही हे दवाखान्याच्या पायरीवर त्यांच्या लक्षात आलं.

डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, सोनोग्राफी करवली. आत थोडा गुंता दिसतोय, म्हणाले, सध्या औषधानं निघून जाईल. पण हे खाणं थांबलं नाही तर पोटात केसांचा गोळा होतो, आणि मग तो पोट उघडूनच काढावा लागतो. केस पोरापासून लांब ठेवा, हा पहिला उपाय.

संध्याकाळी घरात सभाच बसली. एकनाथरावांची थोरली बहीण बजाबाई बार्शीकडच्या वस्तीवरून मदतीला म्हणून आली होती, तीही भिंतीला टेकून होती. ज्ञानदानं सगळं ऐकलं. पोराला पोटाशी धरलं. आणि या घरात आल्यापासून जे कधी केलं नव्हतं ते केलं, सासऱ्याला तोंडावर विचारलं.

‘बाबा, दिवसभर तुम्ही घरी असता. पोर केस गिळेपर्यंत तुमचं लक्ष कुठं असतं?’

एकनाथरावांना ते फार लागलं. अद्वैत खाली बघत राहिला, म्हणजे तोही बायकोच्या बाजूनं, हे कळायला काही वेळ लागत नाही. भावाची बाजू घेतली ती एकट्या बजाबाईनं. त्याच्यावर कशाला घसरता, तिचं म्हणणं. जिचं काम होतं ती दुधनीत जाऊन बसलीया. लई झालं औषध. आणि मामाचा रुसवा काढून पोराचं डोकं आधी मोकळं करा.

त्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. खंडोबाला नंतर हात जोडू, आधी जावळ. अभिमन्यूला फोन कुणी करायचा, तर अद्वैतनं केला, आणि पोराचं ऐकल्यावर तिकडून त्यानं रुसव्याचा शब्दही काढला नाही. रविवारी सकाळी येतो म्हणाला. एकनाथरावांना हायसं वाटलं, आणि थोडी शरमही वाटली, कारण आपण असतो तर इतक्या सहज आलो नसतो हे त्यांना ठाऊक होतं.

रविवारी अंगणात पाट मांडला. अभिमन्यू भाच्यासाठी नवे कपडे आणि साखरेचा हार घेऊन आला. बहिणीशी बोलला, अद्वैतशी बोलला, एकनाथरावांच्या पाया पडला. मग इकडं-तिकडं बघत म्हणाला, ‘काकू दिसत नाहीत?’

गुडघा दुखतोय तिचा, असं एकनाथराव म्हणाले. दुधनीला असते सध्या. अभिमन्यूनं एकदा बहिणीकडे पाहिलं. मग मांडीवर भाच्याला घेताना म्हणाला, की आजीशिवाय जावळ म्हणजे कसंतरीच वाटतंय, आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं.

पोरानं आकांत मांडला. न्हाव्याच्या हाताला चावलं, मामाच्या नव्या शर्टाला शेंबूड पुसला, रडता रडता ओठावर आलेले केस जिभेनं आत ओढले. ज्ञानदानं बोट घालून ते काढले. पोराला सख्खी आत्या नव्हती, म्हणून बजाबाईनंच पदर पसरला आणि पडणारे केस झेलले. शेवटी ते गोल गोमटं डोकं उघडं पडलं, त्यावर चंदन लावून मधोमध कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आणि एकनाथरावांनी कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. संपली म्हणावं ही भानगड. त्यांनी तो पदरातला ढीग स्वतः कागदात बांधला, नदीला सोडायला म्हणून उंच फळीवर ठेवला, आणि हात धुतले, अगदी मनापासून.

मग पुरणपोळीची पानं मांडली. ज्ञानदा हसून बोलत होती, अभिमन्यूला आग्रह करकरून वाढत होती. सासऱ्याच्या पोळीवर तिनं न विचारता जास्तीचं तूप सोडलं, ती तिची माफी, हे एकनाथरावांना समजलं. घर जरा घरासारखं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की पोराचा आवाज येत नाही. आणि पोराचा आवाज नसणं म्हणजे काय, हे आता त्यांच्याइतकं त्या घरात कुणाला कळत नव्हतं. भिंत चाटत असेल, नाहीतर कुणाच्या तरी चपलेत काही घालत असेल. ते पानावरून उठले.

मागच्या खोलीत मालतीबाईंचं शिलाई मशीन होतं. त्याच्या आडोशाला ऋतुराज फरशीवर फतकल मारून बसला होता. पाठमोरा. तुळतुळीत डोकं, आणि कानामागं गालाची हालचाल चाललेली, काहीतरी चावल्यासारखी. एकनाथरावांनी त्याला खांद्याला धरून वळवलं.

त्याच्या ओठांतून केस बाहेर आला होता. लांब. छातीच्या खाली पोचलेला. एकनाथरावांनी तो धरला आणि ओढला, आणि तो येतच राहिला, लाळेनं भिजलेला, त्याच्यामागून आणखी दोन, मग एक पुंजकाच. पोराला उमासा आला. पण हे केस ऋतुराजचे नव्हते. त्याच्या डोक्यावर तर आता केसच नव्हता. आणि आज डोळ्यांवर चष्मा होता. वरचं टोक पांढरं, खाली लालभडक मेंदी.

‘अद्वैत,’ ते ओरडले. असा आवाज त्या माणसाच्या घशातून कधी निघाला नव्हता. सगळे पानावरून हात न धुता धावत आले.

मशीनचा खण उघडा होता. त्यात एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत गुंतवळ. बायका विंचरताना फणीत आलेले केस बोटाला गुंडाळून ठेवतात, ‘केसांवर भांडी’ अशी आरोळी आली की देऊन टाकतात, तसलं. अर्धी पिशवी रिकामी झाली होती. उरलेली गुंडाळी पोराच्या मुठीत होती.

बजाबाई खाली बसली. तिनं पोराच्या मुठीतनं गुंडाळी सोडवली आणि उजेडात धरली.

‘ह्ये मालतीचं गुंतवळ हाय, एकनाथ,’ ती म्हणाली. ‘पोरगं आजीला खातंय की रं.’

ज्ञानदाचा पोळीचा हात तसाच तोंडाशी गेला आणि तिला हुंदका आवरला नाही. आपण मामा आणला, न्हावी आणला, पोराचं डोकं भादरलं, आणि दुखणं भलतीकडंच होतं. अद्वैतनं पोराला विचारलं, हे का खातोस रे बाळा. ऋतुराजला प्रश्नच कळला नाही. खाऊबद्दल का कुणी विचारतं? तो म्हणाला, ‘आजी हाय त्यात,’ आणि गुंडाळी परत घ्यायला हात पुढं केला.

मग एकनाथरावांनी जे केलं ते पाहून अद्वैतला धक्काच बसला. त्यांनी बहिणीच्या हातातली ती ओली, चावलेली, पोराच्या लाळेनं माखलेली गुंडाळी घेतली आणि नाकाशी धरली. माक्याच्या तेलाचा वास. इतकी वर्षं शेजारच्या उशीवरून येणारा, आणि गेले दोन महिने न येणारा. त्यांनी डोळे मिटले. पोराला जे त्याच्या वयात कळलं होतं, ते आपल्याला कळूनही आपण तोंड दाबून बसलो होतो, याचा त्यांना एकाएकी फार राग आला, आणि तो राग दुसऱ्या कुणावरही ढकलता येईना.

बजाबाईनं मात्र आता बाजू बदलली. परवा मीच मालतीला नावं ठेवली बघ, म्हणाली. चुकलं माझं. पण तुला रं काय झालं हुतं. अद्वैत खिशातून फोन काढत म्हणाला, आईला मी सांगतो. अभिमन्यूनं त्याचा हात धरला. आणि एकनाथरावांकडे पाहिलं.

‘मी लावतो,’ एकनाथराव आपला फोन अद्वैतपुढं करत म्हणाले. ‘आवाज मोठा ठेव. सगळ्यांना ऐकू येऊ दे.’

पलीकडं फोन लगेच उचलला गेला. मालतीबाईंनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

‘कोण आजारी आहे?’ त्यांनी विचारलं.

त्या प्रश्नानं एकनाथरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला फोन म्हणजे घरात काहीतरी अशुभ, एवढंच बायकोला वाटावं, इतका संसार आपण केला. त्यांनी पोराचं सगळं सांगितलं, केस, डॉक्टर, मशीनचा खण. मग ते म्हणाले, ‘मालती, तुला बोललो ते सगळ्यांसमोर. म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगतो, अभिमन्यू उभा आहे इथं. गठ्ठा मी काढला होता. तू कपाटाला हातही लावला नव्हतास. आणि मला इथं करमत नाही.’

ज्ञानदानं पदर तोंडाला लावला. अभिमन्यू भिंतीकडे वळून उभा राहिला.

‘पोराला द्या फोन,’ मालतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदललेला होता.

ऋतुराजनं फोन दोन्ही हातांनी धरला. आजी म्हणाली, ऋतू, ए राजा, काय खाल्लंस आज. त्यानं ज्यातून आवाज येत होता ती फोनची कड जिभेनं चाटली, मग सगळी तोंडात घेतली. त्याच्या हनुवटीवरून लाळ आणि पुरण दोन्ही गळत राहिलं. आतून आजीचा आवाज त्याच्या तोंडातच गुदमरत होता.

एकनाथरावांनी त्याच्या तोंडातून फोन काढला. न पुसता, तसाच ओलाचिंब, कानाला लावला.

‘ऐकताय का,’ मालतीबाई विचारत होत्या. ‘येते मी. पण अद्वैतला पाठवू नका. न्यायला तुम्ही या.’

‘निघालो,’ एकनाथराव म्हणाले.

अरं, आधी जेव तरी, असं बजाबाई म्हणेपर्यंत ते पोराला कडेवर घेऊन फाटकाच्या बाहेर पडले होते.